लॅव्हनम (सफोक): गरिबीने जपलेलं गाव की हौसेने घडवलेलं?

पडवीतला (धागाकर्ता)

पूर्व इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं लॅव्हनम हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. वाकडीतिकडी लाकडी घरं, गुलाबी-पिवळ्या भिंती, चौकातलं गिल्डहॉल, म्हणजे गिल्ड नावाच्या धार्मिक मंडळीचं सभागृह. फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात. संरक्षित यादीत तीनशेहून जास्त इमारती आहेत. फोटोखाली हमखास 'इथे काळ थांबलाय' असं लिहिलेलं असतं. खरं तर थांबला होता पैसा, आणि तो नेमका कधी व कशामुळे थांबला यावर बोलायला हा धागा.

आधी थोडक्यात सनावळी. १२५७ साली तिसऱ्या हेन्रीकडून बाजार भरवायची सनद मिळाली. गाव डी व्हेअर घराण्याच्या, म्हणजे ऑक्सफर्डच्या अर्लांच्या ताब्यात. त्यांपैकी तेरावा अर्ल, जॉन डी व्हेअर, १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरच्या बाजूने लढला आणि जिंकणाऱ्या पक्षात असल्याने त्याची भरभराट झाली. त्यानंतर सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्च जवळजवळ नव्याने बांधायला घेतलं गेलं. मनोरा १४१ फूट, म्हणजे साधारण ४३ मीटर. गाव छोटं आणि मनोरा अवाढव्य, हे लांबूनच खटकतं.

अर्धा पैसा अर्लाचा, अर्धा कापडवाल्यांचा. तिसरा थॉमस स्प्रिंग (मृत्यू १५२३) हा त्यातला सर्वांत मोठा. मृत्युपत्रात त्याने मनोरा पुरा करायला २०० पौंड ठेवले. चर्चच्या दक्षिणेकडच्या देवडीवर डी व्हेअरांचं रानडुक्कर कोरलेलं आहे, त्यांचा पाच टोकांचा तारा जागोजागी आहे आणि मनोऱ्यावर स्प्रिंगांच्या खुणा आहेत. देणगीदारांच्या पाट्या लावायची हौस काही आजची नाही.

चौकातला गिल्डहॉल १५३०च्या आसपासचा. कॉर्पस क्रिस्टी गिल्डने तो बांधला आणि पुढच्या वीस वर्षांच्या आत, १५४७च्या कायद्याने, अशा धार्मिक मंडळ्याच बरखास्त झाल्या. मग त्याच इमारतीत तुरुंग, वर्कहाऊस (गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा), लोकरीचं कोठार असं बरंच काही झालं. १९५१ साली ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आली.

कापड, बांधकाम आणि घंटा यांतले जाणकार इथे आहेत हे माहीत आहे. लिहा.

---

नीळकंठी

कापडाबद्दल लिहिते. लॅव्हनमचं नाव होतं ते निळ्या ब्रॉडक्लॉथसाठी. हे जाड, कुटून-मळून दाट केलेलं, लव उभी करून कातरलेलं लोकरी कापड. वीण इतकी दबलेली की उलगडून पाहिल्याशिवाय ताणा-बाणा दिसू नये.

रंग सूत काढल्यावर किंवा कापड विणल्यावर दिला जात नसे. आधी लोकर रंगवत आणि मग पिंजत. याची दोन कारणं. एक, रंग तंतूच्या गाभ्यापर्यंत जातो. पुढे कापड मळताना, ओढताना, कातरताना आतला पांढरा उघडा पडत नाही. दोन, निळीचा हौद रोज सारखा वागत नाही. वेगवेगळ्या दिवशी रंगवलेली लोकर एकत्र पिंजली की छटा आपोआप एकसारखी होते. तयार ठाणात पट्टा उमटला तर तो झाकायला जागाच नसते.

निळा यायचा वोड या झाडाच्या पानांपासून. पानं चक्कीत वाटून गोळे वळायचे आणि वाळवायचे. मग ते फोडून, पाणी मारून काही आठवडे ढीग आंबवायचा. वास असह्य. हौदात कोमट ते गरम पाणी, साधारण ५० अंश सेल्सिअस. त्यात वोड, गव्हाचा कोंडा, थोडी मंजिष्ठासारखी मॅडरची मुळी आणि राखेचं पाणी किंवा चुना. कोंडा आणि मॅडर हे जिवाणूंचं खाद्य. ते प्राणवायू खाऊन टाकतात आणि न विरघळणारी नीळ विरघळते. नीट लागलेला हौद पिवळट-हिरवा दिसतो, वर तांबूस-निळा फेस असतो. ओली केलेली लोकर बुडबुडे न उठवता आत सोडायची, कारण बुडबुडा म्हणजे हवा आणि हवा गेली की हौद मागे पडतो. बाहेर काढताना लोकर हिरवी असते, काही मिनिटांत निळी होते. गडद हवा तर पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा.

बिघडतं कुठे? चुना जास्त झाला की जिवाणू मंदावतात आणि हौद 'झोपतो'. चुना कमी पडला की ते बेफाम वाढून नीळच खाऊन टाकतात, हौद सडतो आणि माल गेला. तापमान ६०च्या वर गेलं तर सगळे मरतात. मोजायला काही साधन नव्हतं. रंगारी वास, फेस आणि चव यांवर चालायचा. होय, चव.

मागाकडे या. तयार ब्रॉडक्लॉथची रुंदी पावणेदोन यार्ड, म्हणजे दीड मीटरच्या थोडी वर. पण मळताना कापड चांगलंच आटतं, म्हणून मागावर ते अडीच मीटरच्या आसपास विणायचं. एवढ्या रुंदीत एका माणसाचा हात पुरत नाही. दोघे विणकर शेजारी बसून धोटा एकमेकांकडे फेकत. नंतर कापड पाणचक्कीत लाकडी हातोड्यांखाली फुलर्स अर्थ नावाची माती घालून मळायचं, बाहेर चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं, टीझलच्या काटेरी बोंडांनी लव उभी करायची आणि हातभर लांबीच्या कात्रीने ती सपाट कातरायची. लव उभी करणं आणि कातरणं दोन-तीनदा. इथे चूक म्हणजे भोक, आणि तोवर त्या ठाणावर महिन्यांचं काम झालेलं असतं.

वॉटर स्ट्रीटखाली विटांची बांधीव गटारं आहेत, साधारण १५००च्या काळातली. रस्त्याचं नाव उगाच पडलेलं नाही. धुणं, रंगवणं यांना वाहतं पाणी हवंच.

---

बोरूबहाद्दर

नीळकंठी, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

एका आकड्याबद्दल सावध करतो. '१५२४च्या करआकारणीत लॅव्हनम इंग्लंडातलं चौदावं श्रीमंत गाव होतं' हे सगळीकडे वाचायला मिळतं. आकारणी खरी, गाव वरच्या वीसांत होतं हेही खरं. पण त्या रकमेचा मोठा हिस्सा स्प्रिंगच्या विधवेच्या, ॲलिसच्या, घरातून आला. सरदारमंडळी सोडली तर स्प्रिंग हा सफोकातला सर्वांत श्रीमंत माणूस होता. एका घरामुळे सरासरी वर गेली. बाकी गावात कातणाऱ्या बायका, पिंजारी, विणकर, रोजंदारीवाले. हातात लोकर कापडवाल्याची, माग बऱ्याचदा त्याचाच, मजुरी नगावर. काम थांबलं की दुसऱ्या आठवड्यात चूल थंड.

हे दिसलं ते लगेच, १५२५ साली. आठव्या हेन्रीला फ्रान्सवर स्वारी करायची होती आणि कार्डिनल वूल्झीने संसदेला न विचारता 'स्नेहदान' नावाची वसुली काढली. कापडवाले म्हणाले, एवढं दिलं तर मजुरांना द्यायला रोख उरणार नाही, आणि कामं बंद केली. लॅव्हनम आणि आसपासच्या गावांतून हजारो लोक गोळा झाले. चार हजार हा नेहमी दिला जाणारा आकडा. नॉर्फक आणि सफोकचे ड्यूक फौज घेऊन आले. 'तुमचा पुढारी कोण?' या प्रश्नावर जॉन ग्रीन नावाच्या माणसाने उत्तर दिलं की आमचा पुढारी दारिद्र्य. तो आणि त्याची चुलत बहीण गरज यांनी आम्हाला इथवर आणलं. एडवर्ड हॉलच्या बखरीत हे नोंदलेलं आहे. शेवटी राजाने वसुली मागे घेतली. ट्यूडर राजवटीत जनतेने अशी माघार घ्यायला लावल्याची उदाहरणं फार नाहीत.

गावात असंही सांगतात की उठावाची खूण म्हणून चर्चच्या घंटा वाजणार होत्या आणि कुणा धनिकाने आदल्या रात्री त्यांचे लोलक काढून ठेवले. ही दंतकथा म्हणूनच घ्यावी.

---

मधली_सुट्टी

वाचतेय. दोन बाळबोध शंका:
१. मग हा धंदा बुडाला कशाने?
२. घरं एवढी वाकडी का? पाया खचला का?

---

बोरूबहाद्दर

पहिलीचं उत्तर देतो. जाड ब्रॉडक्लॉथची मागणीच हलली. १५६०च्या दशकापासून नेदरलँड्समधून धर्मछळाला कंटाळलेले विणकर कोलचेस्टरला येऊन वसले. ते हलकं, स्वस्त, कमी मळलेलं कापड करत. लॅव्हनमपासून कोलचेस्टर फार लांब नाही, शिवाय तिथे बंदर. लॅव्हनमचे कापडवाले जुन्याच मालाला चिकटले. परदेशातल्या लढायांनी निर्यात अधूनमधून बंद पडायची तेही होतंच. पुढची दोन शतकं गावाने दुसऱ्यांसाठी सूत कातलं, एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या केसांचं कापड आणि नारळाच्या काथ्याच्या चटया केल्या.

१८६०च्या दशकाअखेरीस जेम्स डंकन यांनी इथे बीटपासून साखर काढायचा कारखाना उभारला, ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या अशा कारखान्यांपैकी एक. आसपासचे शेतकरी पुरेसं बीट लावेनात, आणि थोड्याच वर्षांत तो बंद पडला. कच्चा माल देणारा शेतकरी कारखान्याशी बांधलेला नसेल तर गाळप कसं कोलमडतं, हे नगर-कोल्हापूरकडच्यांना समजावून सांगायला नको.

---

चुनेवाला

दुसरी शंका माझ्याकडे.

पाया हे सहसा मुख्य कारण नसतं. ही घरं हिरव्या, म्हणजे न वाळवलेल्या ओकची आहेत. तोडल्यावर वर्षाच्या आत तासून उभी करत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. उभं केल्यावर लाकूड वाळत जातं. ओक वाढचक्रांच्या दिशेने साधारण ८ टक्क्यांपर्यंत आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मा, आणि लांबीत जवळजवळ नाही. हा फरक म्हणजेच पीळ. सुतारांना तो ठाऊक होता. म्हणून जोडात एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार भोक पाडताना जिभेतलं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर सरकवत. त्यात वाळलेल्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की जोड ओढून घट्ट बसतो, आणि पुढे लाकूड आकसलं तरी सैल होत नाही. खिळा नाही, सरस नाही.

म्हणजे थोडा पीळ जन्मजात. भयानक वाकडेपणा येतो तो माणसाच्या करणीने. कुणीतरी दार हवं म्हणून तिरका आधार कापतो, कुणी चुलीसाठी मोठी विटांची चिमणी मधोमध घुसवतो, कुणी आतली भिंत काढून खोली मोठी करतो. सांगाडा पडत नाही, कारण जोड लवचीक आहेत. तो नवीन ठिकाणी टेकतो. हाय स्ट्रीटवरचं ते नारिंगी 'वाकडं घर' म्हणजे आधार गेल्यावर सांगाड्याने केलेली तडजोड.

तिसरं कारण सर्वांत वाईट आणि टाळता येण्यासारखं: तळाची आडवी तुळई कुजणं. सगळे उभे खांब तिच्यावर टेकलेले असतात. रस्ता शतकानुशतकं वर चढत गेला की जोतं जमिनीत जातं आणि तुळई ओली राहते. त्यावर विसाव्या शतकात लोकांनी सिमेंटचा गिलावा केला. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही. केसाएवढी भेग पडते, पाऊस आत जातो आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून भिंत ठणठणीत, आत लाकडाचा भुगा. ओळखायचं कसं? जमिनीपासून वीतभर उंचीवर गिलाव्यावर टकटक करा, पोकळ आवाज येतो. उघड्या लाकडात पेचकस सहज रुतला तर काम निघालं समजा.

दुरुस्ती अशी. सिमेंट काढा, हातोडी-छिन्नीने, यंत्राने नाही, नाहीतर मागचा कूड पडतो. भिंत काही महिने वाळू द्या. बाहेरची जमीन उतरवा, पाणी दूर न्या. मग कुजलेला भागच कापून हिरव्या ओकचा तुकडा तिरक्या जोडाने बसवा. पूर्ण तुळई बदलायची घाई नको.

कूड म्हणजे अक्षरशः आपल्या कोकणातला कूड. खांबांमध्ये आडव्या पट्ट्या, त्यांना हेझलच्या उभ्या काठ्या बांधलेल्या, दोन्हीकडून चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण. पेंढा बोटभर लांब हवा. फार लांब ठेवला तर माती नीट दाबली जात नाही, फार बारीक केला तर वाळताना भेगा. एका वेळी जाड थर दिला तर तो स्वतःच्या वजनाने सुटतो. दोन थर द्या, पहिल्यावर रेघा ओढून.

---

मधली_सुट्टी

आणि तो गुलाबी रंग? डुकराचं रक्त घालत म्हणे.

---

चुनेवाला

रक्त, करवंदांसारखी स्लोची फळं वगैरे सांगायला छान. चुन्याच्या क्षारात वनस्पतींचे रंग टिकत नाहीत आणि रक्त पाहता पाहता तपकिरी पडतं. भिंतीवर वर्षानुवर्षं टिकणारा गुलाबी हवा तर गेरू, म्हणजे लोहयुक्त माती. 'सफोक पिंक' या नावाखाली आज डब्यात मिळणाऱ्या अर्ध्या छटा तर निव्वळ रंगकंपनीच्या.

सफेदीची कृती देऊन ठेवतो, विचारणारे येतातच. मुरवलेला विरी चुना एक भाग, पाणी दोन ते तीन भाग, गाळून दुधाइतकं पातळ. रंगाची माती आधी वेगळ्या पाण्यात कालवून घाला, वजनाने चुन्याच्या दहाव्या भागाहून जास्त नको, नाहीतर चुना तिला धरत नाही आणि हाताला रंग लागतो. सगळ्या भिंतीला पुरेल एवढं एकाच वेळी कालवा. दुसरा घाणा त्याच छटेचा होत नाही. भिंत ओली करा, पातळ हात द्या, दिवसभर थांबा, पुन्हा ओली करून पुढचा हात. नव्या गिलाव्याला चार-पाच हात लागतात. ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून नवशिका जाड मारतो, आणि जाड मारलेला पापुद्र्यासारखा सुटतो. कडक उन्हात मारला तर भुकटी होते. ५ अंशांखाली किंवा रात्री दहिवर गोठणार असेल तर हात लावू नये. डोळ्यांना चष्मा अनिवार्य, चुना डोळा घालवतो. आधी प्लास्टिकचा रंग असेल तर त्यावर सफेदी बसतच नाही. तो पूर्ण काढावा लागतो.

---

पडवीतला

आता विसावं शतक, कारण धाग्याचं शीर्षक तिथेच आहे.

१९११च्या सुमारास इथला वूल हॉल (मूळचा पंधराव्या शतकातला, अवर लेडी गिल्डचा) विकत घेऊन सुटा करण्यात आला. राणी व्हिक्टोरियाची मुलगी प्रिन्सेस लुईझ हिला तो ॲस्कटला उभारायचा होता. गावच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने ओरड झाली आणि लाकडं परत आली. खुंट्या काढल्या की सांगाडा सुटा होतो, आणि प्रत्येक जोडावर सुताराने कोरलेले रोमन आकडे असतात. त्यामुळे हे शक्य झालं. आज तो भाग स्वान हॉटेलात सामावलेला आहे. सुतारांनी पाचशे वर्षांपूर्वी जोडणीसाठी केलेली सोय श्रीमंतांना घरं पळवायला कामी यायला लागली होती, एवढाच याचा अर्थ.

चौकातलं लिटल हॉल हे चौदाव्या शतकाच्या शेवटचं घर. १९२०च्या दशकात गेअर-अँडरसन या जुळ्या भावांनी घेऊन दुरुस्त केलं. यातला रॉबर्ट म्हणजे ब्रिटिश म्युझियममधली इजिप्शियन कांस्य मांजर ज्याच्या नावाने ओळखली जाते तो. कैरोतलं त्याचं राहतं घर आज म्युझियम आहे. दोघांनी भारतीय लघुचित्रंही जमवली होती.

पुढे १९६०च्या दशकात गावातले तारांचे खांब काढून तारा जमिनीखाली घातल्या. आज जो 'अस्पर्श' देखावा दिसतो त्यात या खोदकामाचा वाटा मोठा आहे.

---

वळचणीची_चिमणी

इथेच माझा मतभेद नोंदवते. 'जपलं' हा शब्द सरसकट वापरू नका. सतराव्या-अठराव्या शतकात यातल्या बऱ्याच घरांना पूर्ण गिलावा होता. लाकूड झाकलेलं. जुनाट दिसू नये म्हणून आणि वारा-पाऊस रोखायलाही. विसाव्या शतकात हौशी मालकांनी गिलावा खरवडून लाकूड उघडं केलं, कारण 'ट्यूडर' दिसायला हवं होतं. त्यापायी किती जुना पुरावा गेला याचा हिशेब नाही: जुने चुन्याचे थर, त्यातले रंग, उठावाची नक्षी. इंग्लंडात इतरत्र तर लाकूड डांबराने काळंही केलं. काळं-पांढरं घर म्हणजे अस्सल मध्ययुगीन हा समज बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाचा. सफोकात लाकूड तसंच ठेवून चंदेरी-करडं होऊ देत, किंवा त्यावरूनही चुना फिरवत.

---

चुनेवाला

चिमणी, सहमत, पण एक भर. जे पहिल्यापासून दाखवायलाच होतं ते ओळखता येतं. गिल्डहॉलचे उभे खांब बघा, खांबाएवढंच अंतर सोडून पुढचा खांब. इमारत पेलायला याच्या निम्मे पुरले असते. एवढा ओक खर्चून कुणी गिलाव्याखाली लपवत नाही. तो शुद्ध मिरवणं आहे. त्याच इमारतीच्या कोपऱ्यात वरचा मजला दोन्ही रस्त्यांकडे पुढे आलाय. त्यासाठी आत एक तिरकी तुळई कोपऱ्यापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात येऊन मिळतात. कोपऱ्यातला खांब मुळाकडची जाडी वर ठेवून उलटा उभा करत, म्हणजे ते सगळं पेलणारी रुंदी डोक्याला मिळते.

आणि जिथे लाकूड ओबडधोबड, अंतर जास्त, पृष्ठभागावर गिलावा धरायला कुऱ्हाडीच्या खाचा, तिथे ते झाकायलाच होतं. असं उघडं केलेलं घर दिसलं की मालकाची हौस नडलेली समजावी. वाळूच्या फवाऱ्याने लाकूड साफ करणारे तर वेगळ्याच नरकात जावेत. वरचा टणक पापुद्रा, हत्याराच्या खुणा, जोडणीचे आकडे सगळं एका दुपारी साफ.

---

घंटानाद

चर्चच्या घंटांवर कुणीच लिहीत नाहीये म्हणून.

मनोऱ्यात आठ घंटा. सर्वांत मोठी, म्हणजे टेनर, १६२५ साली कोलचेस्टरच्या माइल्स ग्रे याने ओतली. वजन २१ हंड्रेडवेट, हजार किलोंच्या थोडं वर. इंग्लंडातली सर्वांत गोड नादाची घंटा असा तिचा लौकिक आहे आणि दर जूनमध्ये २१ तारखेच्या आसपास तिचा वाढदिवस घंटा वाजवून करतात.

इंग्रजी पद्धत नुसती लोलक हलवायची नाही. घंटा पूर्ण चाकाला बांधलेली असते आणि सुरुवातीला तोंड वर करून तोलावर उभी असते. दोर ओढला की ती पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते, उलट्या ओढीला परत. एका फेरीत एकदा ठोका. हात धरायला दोरावर लोकरीचा जाड रंगीत भाग असतो. घंटा तोलापलीकडे जाऊ नये म्हणून ॲश लाकडाची एक दांडी अडसर असते. ही दांडी मुद्दाम तुटण्याजोगी. नवशिक्याने जोरात ओढलं की ती मोडते, घंटा गिरक्या घेत सुटते आणि दोर वर खेचला जातो. अशा वेळी दोर सोडायचा. धरून ठेवणारा छताला जाऊन आदळतो.

एवढं वजन वेगाने बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत एखादी घंटा फार तर एक जागा पुढे-मागे सरकू शकते. यातूनच क्रमांचं शास्त्र निघालं: गाणं नाही, फक्त क्रम, एकही पुन्हा न घेता. सात घंटांचे ५०४० क्रम होतात आणि ते सगळे वाजवायला साधारण तीन तास लागतात. टेनर प्रत्येक ओळीच्या शेवटी ठोका धरते. आठ घंटांचे ४०,३२०. ते एका बैठकीत माणसं न बदलता १९६३ साली लफबरोला वाजवले गेले, जवळजवळ १८ तास.

अवांतर: पुण्यात गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चमध्ये आणि मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आणलेल्या आठ-आठ घंटांचे संच आहेत.

---

मधली_सुट्टी

ट्विंकल ट्विंकल इथेच लिहिलं गेलं ना?

---

बोरूबहाद्दर

ती कविता लिहिणारी जेन टेलर लहानपणी इथे शिलिंग स्ट्रीटवर राहत होती हे खरं. पण कुटुंब १७९६ला कोलचेस्टरला गेलं, कविता छापली १८०६ साली. दोन्ही गावं हक्क सांगतात; तारखा कोलचेस्टरच्या बाजूने आहेत.

दुसऱ्या महायुद्धाचंही एका ओळीत: गावाबाहेरच्या धावपट्टीवरून १९४४पासून अमेरिकेचा ४८७वा बॉम्बर गट उडत होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या गटाच्या विमानातून मोहिमेचं नेतृत्व करताना ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक कॅसल मारले गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. स्वानच्या बारमध्ये वैमानिकांच्या सह्यांची भिंत जपून ठेवलेली आहे.

---

पडवीतला

जाणाऱ्यांसाठी. लॅव्हनमला रेल्वे नाही. १८६५ला आलेली लाइन १९६१ला प्रवाशांसाठी बंद झाली. लंडन लिव्हरपूल स्ट्रीटहून मार्क्स टे, तिथे गाडी बदलून सडबरी, पुढे बस किंवा टॅक्सी. परतीची बस आधी बघून ठेवा, संध्याकाळी आणि रविवारी अडकायला होतं. जुन्या रुळांच्या जागी आता पायवाट आहे.

गिल्डहॉल आणि लिटल हॉल हिवाळ्यात मर्यादित वेळा उघडतात. वॉटर स्ट्रीट, शिलिंग स्ट्रीट, बार्न स्ट्रीट इथली बहुतेक घरं राहती आहेत. खिडकीला नाक लावू नये.

---

चुनेवाला

आणि जाताना वर बघत चला. एखाद्या आडव्या तुळईच्या खालच्या बाजूला रिकाम्या भोकांची ओळ आणि मध्ये समभुज खाचा दिसल्या तर तिथे काचेशिवायची जुनी खिडकी होती. खाचांत चौकोनी गज कोन पुढे करून बसवत. शेजारी लांब खोबण असेल तर ती सरकत्या फळीची. लेडी स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानांना रुंद कमानी खिडक्या आहेत, त्यांची फळी खाली पाडली की तोच गल्ला. खुंट्यांची भोकं आहेत पण खांब नाही, असं आत दिसलं तर तिथली भिंत कुणीतरी काढलीय, आणि मग बाहेर जाऊन घर कुठल्या बाजूला कललंय ते पाहा. बहुतेक वेळा त्याच बाजूला असतं.

---

मधली_सुट्टी

शेवटची शंका. तिथे घर घेणाऱ्याला ही सफेदी, दुरुस्ती मनाने करता येते का?

---

चुनेवाला

नाही. यादीतल्या इमारतीचं स्वरूप बदलणारं कुठलंही काम, आतलंसुद्धा, परवानगीशिवाय केलं तर इंग्लंडात तो फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. तोच साहित्य-प्रकार वापरून केलेली किरकोळ डागडुजी सहसा चालते, पण 'किरकोळ' काय हे जिल्हा परिषदेचा संवर्धन अधिकारी ठरवतो. लॅव्हनम बेबर जिल्ह्यात येतं. रंगाची छटा बदलायची असेल तरी आधी विचारून लेखी घ्यावं, सिमेंट काढायचं असेल तर फोटो काढून मग हात लावावा.